अंतर-काल आलेख : रेषेचा चढ नेमका काय सांगतो?

प्रश्न : आलेखात रेषा वर गेली की वस्तू चढावर आहे आणि आडवी झाली की सपाट रस्त्यावर, असं मुलं सांगतात. चढ मोजून काढलेली चालही उत्तराशी जुळत नाही. चुकतं कुठे?

उत्तर : आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे. आडव्या अक्षावर वेळ असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे वस्तू जागीच उभी असली तरी रेषा उजवीकडे सरकतच राहते, फक्त वर जात नाही. आडवी रेषा म्हणजे थांबलेली वस्तू. तिला ‘एकसमान चाल’ म्हणणारी मुलं चाल-काल आलेखाशी गल्लत करतात. आधी अक्षांवरची नावं वाचून घ्या.

आता चढ. अंतरातला फरक भागिले वेळेतला फरक. समजा, एका खांबापासून सायकलचं अंतर १० सेकंदांना २४० मीटर आणि ४० सेकंदांना ३६० मीटर आहे. म्हणजे १२० ÷ ३० = ४ मीटर प्रति सेकंद. मुलं सरळ ३६० ला ४० ने भागून ९ आणतात. रेषा आरंभबिंदूतून निघाली असती तर तेही चाललं असतं. इथे ती २०० मीटरवरून निघते. बिंदू एकमेकांपासून दूरचे घ्या, नाहीतर वाचनातली अर्ध्या घराची चूकही उत्तर बिघडवते. आणि कोनमापक बाजूला ठेवा! प्रमाण बदललं की तीच रेषा उभट किंवा पसरट दिसते, चाल मात्र तीच असते.

प्रश्न : रेषा वक्र असेल तर चढ कुठला धरायचा?

उत्तर : विचारलंय काय, त्यावर ठरतं. अंतर वेळेच्या वर्गाइतकं (मीटर आणि सेकंदांत) असेल, तर ० ते ४ सेकंद जोडणाऱ्या जीवेचा चढ १६ ÷ ४ = ४, ही सरासरी चाल. चौथ्या सेकंदाच्या क्षणाची चाल हवी असेल तर तिथे स्पर्शिका काढा. ती (२, ०) आणि (५, २४) मधून जाते, चढ ८. पट्टी वक्राला छेदून गेली की ती जीवा होते. हाताने काढताना हमखास होणारी चूक हीच.

प्रश्न : रेषा खाली उतरू शकते का?

उत्तर : कापलेलं एकूण अंतर मांडलं असेल तर कधीच नाही. एखाद्या खुणेपासूनचं अंतर असेल तर हो, वस्तू खुणेकडे परततेय.