प्रदर्शनात कालवड उतरवू पाहणाऱ्यास
बक्षिसाच्या मागे लागण्यापूर्वी नोंदवही सुरू करा. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, आईचे वेतनिहाय (दर विण्यानंतरचे) दूध आणि रेताच्या (गोठवलेल्या वीर्याच्या) कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक तीत नसेल, तर एखाद्या वळूच्या रेताने त्याचीच लेक गाभण केली जाण्याची चूक सहज घडते, आणि ती माझ्या गोठ्यातही घडली आहे. माज (गाभण राहण्याच्या काळाची लक्षणे) सकाळी दिसल्यास कृत्रिम रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी करावे; सुमारे २१ दिवसांनी माज पुन्हा येतो का, हे पाहावे; आला तर बहुधा गाभ राहिलेला नसतो. कालवडीला म्होरकीची (तोंडाला बांधायच्या दोरीची) आणि गर्दीची सवय दोन महिने आधीपासून रोज थोडे चालवून लावावी. परीक्षक चाल, पायांची ठेवण आणि दुभत्या गाईची कास पाहतात. शिंगांचा रंग, आपण तो कितीही हौसेने लावला तरी, दुधाळ गटात उपयोगाचा नाही.