चांदणी लावू की नको?

पत्राचा सारांश : माहेर वसईचं. लग्नानंतर कोथरूडला आले. आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घर आमचं एकच. दिवाळीचे कंदील उतरले की सगळीकडे चिडीचूप. डिसेंबर लागला तरी नाताळ आल्यासारखा वाटत नाही. चांदणी टांगायलाही संकोच होतो. लेक सात वर्षांची आहे. नवरा म्हणतो, २४ तारखेला वसईला गेलो की झालं.

मैत्रिणी,
डिसेंबरच्या सुरुवातीला मन उसळत नसेल तर बिघडलं कुठे? आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, असतोच मुळी वाट पाहण्याचा. त्या चार रविवारी फादर जांभळी वस्त्रं घालतात (तिसऱ्याला तेवढी गुलाबी चालतात), मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, मेणबत्तीही दर रविवारी एकेकच वाढते. नोव्हेंबरातच सांताक्लॉज नाचवणाऱ्या मॉलला माल खपवायचा असतो. तुम्हाला कसली घाई?

खरी अडचण वेगळी दिसते. वसईत नाताळ आपसूक दारात यायचा. आळीत येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे उभे राहायचे, कॅरल गाणारी पोरं यायची, काक्या-माम्या मिळून तळण काढायच्या. इथे सगळं तुमच्यापासून सुरू व्हायचं, त्याचं दडपण येणारच. म्हणून थोडं थोडं करा.

डिसेंबरच्या मध्यावर लेकीकडून ताटलीतल्या मातीत नाचणी पेरून घ्या. पाणी शिंपडायचं काम तिचंच. आठ-दहा दिवसांत कोवळी हिरवळ उठते, ती गोठ्यातल्या गाईगुरांपुढे मांडा. बाळ येशूला मात्र २४च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका. रिकामी गव्हाण मुलांना फार छळते. छळू दे.

चांदणी खुशाल लावा. दिवाळीत आकाशकंदील टांगताना कुणी तुमची परवानगी घेतली होती का?

वसईला जरूर जा, पण २५ला दुपारी निघा. मध्यरात्रीची मिस्सा पुण्यातल्या तुमच्या चर्चमध्येच होऊ दे, नाहीतर लेकीला नाताळ म्हणजे आजोळची सुट्टीच वाटत राहील. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण परंपरेने ६ जानेवारीला, तेव्हा माहेरच्या भेटीगाठींना दिवस भरपूर आहेत.

आणि एका रविवारी कलकल, म्हणजे नाताळचे गोड तळलेले शंखोळे, करा. पिठाची गोळी जेवणाच्या काट्यावर दाबून वळत बसणं एकटीचं काम नव्हे. मजल्यावरची पोरं बोलवा, प्रत्येकाच्या हाती एकेक काटा द्या. निम्मे कलकल वाकडे होतील, होऊ देत. तळण मात्र पोरं घरी गेल्यावर. दिवाळीत शेजारून फराळाची ताटं आली असतीलच, ती आता भरून परत पाठवा. पिठात अंडं तेवढं घालू नका, म्हणजे ताट प्रत्येक घरात चालेल.