मुलीच्या बोटातली चांदीची अंगठी

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही इंदूरचे, तीन पिढ्या इथेच. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, 19 पूर्ण. मैत्रिणीबरोबर रविवारी ख्रिस्ती तरुणांच्या एका युथ फेलोशिपला जाते, गाणी-गिटार असतं म्हणून आम्ही काही बोललो नाही. आता बोटात चांदीची अंगठी दिसतेय आणि कपाटात एक कार्ड सापडलं, लग्नापर्यंत शरीरसंबंध ठेवणार नाही अशी शपथ, खाली तिची सही. तिचे बाबा म्हणतात हा धर्म बदलायचा प्रकार आहे, उद्यापासून जाणं बंद. मला वाटतं शपथ चांगलीच आहे की, आपण तरी दुसरं काय सांगतो? काय करू? – एक आई, स्नेहलतागंज

उत्तर: आधी एक काम करा, कार्ड वाचलंत हे तिला स्वतःहून सांगून टाका, नंतर कळलं तर बाकी सगळं राहील आणि भांडण कपाट उघडल्यावरूनच होईल.

आता कार्डाबद्दल. ही पद्धत अमेरिकेतली. 1993 मध्ये तिथल्या सदर्न बॅप्टिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ मोहीम सुरू केली आणि पुढच्याच वर्षी जुलैत वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल ह्या मोठ्या मैदानावर मुलामुलींनी सही केलेली दोन लाखांच्या वर कार्डं मांडली. अंगठी आली ‘सिल्व्हर रिंग थिंग’मधून, 1995 ला अ‍ॅरिझोनात सुरू झालेली, लाइट, म्युझिक, नकला, आणि शेवटी शपथ घेऊन अंगठी. कोलोरॅडोत तर बाप-लेकींचे ‘प्युरिटी बॉल’ म्हणजे नाचाचे समारंभ सुरू झाले, तिथे बापच मुलीच्या पावित्र्याचं रक्षण करीन असं लिहून द्यायचा. ह्या सगळ्यात मुलांना खरंच बरं वाटतं, कारण आजूबाजूला सगळे तेच करत असतात, आणि मोठं कुणीतरी ह्या विषयावर त्यांच्याशी तासभर बोलतं, हे मी मनापासून कबूल करते.

पण काही ठिकाणी सेलोटेपचा तुकडा एकाच्या हातावर, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या असा चिकटवतात आणि चिकटेनासा झाला की म्हणतात, बघा, लग्नाआधी संबंध ठेवले की तुमचंही असंच होतं. मला ह्याचा फार राग येतो. त्या हॉलमध्ये एखादी अशी मुलगी बसलेली असते जिच्यावर लहानपणी घरातल्याच कुणी जबरदस्ती केलेली असते, तिनं काय समजायचं?

आणि शपथ टिकते का, तर ह्यावर अभ्यास झालेत. 2001 च्या एका अभ्यासात काही मुलांचा पहिला संबंध साधारण दीड वर्ष पुढे गेलेला दिसला, म्हणजे अगदीच फुकट जात नाही. पण जॅनेट रोझेनबॉम ह्या संशोधिकेनं 2009 मध्ये शपथ घेतलेली आणि बाकी सगळ्या बाबतीत तशीच पण शपथ न घेतलेली मुलं पाच वर्षांनी ताडून पाहिली, तर लग्नाआधीच्या संबंधांत फरकच नव्हता, शपथ घेतलेल्यांपैकी 82 टक्के मुलं तर आम्ही शपथ घेतलीच नव्हती म्हणाली, आणि शपथवाल्यांमध्ये गर्भनिरोधक वापरणारी कमी निघाली. कारण उघड आहे, जे करायचंच नाही त्याची माहिती कोण घेणार, आणि जवळ कंडोम ठेवला तर आधीच ठरवून मोडल्यासारखं होतं ना.

तुम्ही म्हणता आपण हेच सांगतो, पण ताई, आपण सांगतो कुठे? पॅडची जाहिरात लागली की आपल्या घरात चॅनेल बदलतात. ती तिकडे गेली कारण तिकडे कुणीतरी बोललं.

बाबांना सांगा की कार्डावर सही म्हणजे बाप्तिस्मा नाही, आणि 19 वर्षांच्या मुलीनं रविवारी कुठे बसावं ते तिनं ठरवायचं. जाणं बंद केलंत तर ती जाईलच, फक्त घरी सांगणार नाही. पैसे मागतात का, घरच्यांपासून तोडायला बघतात का, एवढ्यावर लक्ष ठेवा.

तिला घेऊन रात्री सराफ्यात गराडू खायला जा, दोघीच. शपथ तिनं स्वतः विचार करून घेतली की सगळे उभे राहिले म्हणून, ते विचारा. विचार करून असेल तर तिचा मान ठेवा, अंगठी काढायला लावू नका. आणि तरीही नीट सांगा, कंडोम कशासाठी, गर्भ राहू नये म्हणूनची इमर्जन्सी गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत का घ्यायची, कुणी बळजबरी केली तर दोष तिचा नाही आणि शपथही मोडत नाही. तुमच्यानं बोलवत नसेल तर चांगल्या लेडी डॉक्टरकडे न्या, तुम्ही बाहेर बसा. जाताच आहात तर एचपीव्ही लसीचंही विचारून या, संबंधांतून पसरणाऱ्या आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूवरची ती लस, ती शपथ घेतलेल्या मुलीनंही घ्यावी, कारण उद्या होणाऱ्या नवऱ्यानं शपथ घेतली होती की नाही ते कुणाला माहीत.