बेस वाजवून पोट भरेल का?

प्रश्न : मी दोन वर्षं गिटार वाजवतोय. आमच्या रॉक बँडचा बेस गिटार वाजवणारा सोडून गेला. सगळे म्हणतात, ‘तूच घे बेस, चारच तर तारा!’ जमेल का?

उत्तर : सुरांच्या जागा तुम्हाला आजच ठाऊक आहेत. बेसच्या ई, ए, डी, जी या तारा म्हणजे गिटारच्या जाड चार ताराच, फक्त एक सप्तक खाली. पण तारेची लांबी साधारण 34 इंच असते, इलेक्ट्रिक गिटारची 25च्या आसपास. पहिल्या पाच फ्रेटमध्ये (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या घरांत) एकेका फ्रेटला एकेक बोट ताणाल तर मनगट दुखेल. तिथे तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी मिळून तीनच फ्रेट सांभाळा, अनामिका करंगळीच्या मदतीला.

गिटारवाल्याचं बिंग फुटतं ते न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवताना. जाड तारा न छेडताही घुमतात आणि सगळं गढूळ होतं. म्हणून उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकपट्टीवर) रोवून ठेवू नका. ए वाजवताना तो ई तारेवर टेकवा. डी वाजवताना ए तारेवर सरकवा, पण ई तारेलाही टेकलेला राहू द्या.

रियाजाला मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक टिकटिक दुसरी आणि चौथी मात्रा समजा. गाण्याची लय 120 होते. पहिली मात्रा स्वतःच धरावी लागते, त्यामुळे पळण्याची सवय लगेच उघडी पडते. मग ड्रमरबरोबर वाजवलेलं ध्वनिमुद्रित करून फक्त किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस ऐका. सूर किकबरोबर पडतोय का, आणि तो तोडता कुठे? नवखे दुसऱ्या प्रश्नाकडे बघतच नाहीत.

प्रश्न : घरी छान वाटणारा आवाज मंचावर नुसता घुमतो.

उत्तर : खर्ज वाढवला असेल. ई तार 41 हर्ट्झला वाजते आणि तो भाग खोलीच फुगवते. खर्ज कमी करा, 200-250 हर्ट्झ थोडं उतरवा, 700 ते 1000 हर्ट्झच्या आसपास चढवा. बोटांचा आघात तिथे ऐकू येतो. एकट्याने ऐकताना हा आवाज रुक्ष वाटेल, बँडमध्ये तोच उठून दिसतो. बेस ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढा. ती खोचलेली असेपर्यंत बहुतेक बेसमध्ये 9 व्होल्टची बॅटरी उतरत राहते.

प्रश्न : यावर घर चालेल?

उत्तर : एकाच बँडवर क्वचित. गाण्याच्या हक्कांचा पैसा प्रामुख्याने शब्द आणि चाल करणाऱ्यांकडे जातो; बेसची ओळ बहुधा संयोजनात, म्हणजे वाद्यांच्या मांडणीत, मोजली जाते. तुमच्या ओळीवर गाणं उभं असेल तर प्रत्येकाचा टक्का गाणं प्रसिद्ध होण्याआधी लिहून सह्या घ्या. नंतर हा विषय काढला की बँड फुटतात. बाकी कमाई स्टुडिओतून आणि इतरांच्या दौऱ्यांतून येते. तिथे स्वरलिपी वाचणारा, साथीला गाणारा आणि वेळेवर येणारा टिकतो. बेसवादक जॉन पॉल जोन्स 1968मध्ये लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडमध्ये आले तेव्हा स्टुडिओतले मुरलेले वादक आणि संगीत-संयोजक होते, शिवाय कीबोर्डही वाजवत.

प्रश्न : तारा कधी बदलाव्यात?

उत्तर : सूर जुळेनासा झाला किंवा आवाज निस्तेज वाटला की. मात्र जाडी बदललीत तर मानेवरचा ताण बदलतो. मान वाकली तर ती सरळ करणारी आतली सळई पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका.