क्वार्टरबॅक बदलला आणि रनिंग बॅक अडकला, असं का होतं?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक तोच, कोच तोच. गेल्या सीझनला तो दर कॅरीला (बॉल घेऊन पळण्याच्या एका खेपेला) सात यार्ड काढत होता. यंदा जबरदस्त थ्रो करणारा नवा क्वार्टरबॅक (बॉल बॅकला देणारा किंवा पास फेकणारा) आला आणि बॅक साडेचारवर घसरला. पोरगा ढिला पडला का?

बहुतेक नाही. बॅकला नावं ठेवण्याआधी हिशेब बघा. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. बॅकच्या हातात बॉल देऊन क्वार्टरबॅक नुसता बघत उभा राहिला, तर ब्लॉक करायला उरले नऊ आणि समोर अकरा, म्हणजे त्यांचे दोघे मोकळे. एक सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यात मागचा खेळाडू) लांब मागे असतो, त्याचा लगेच त्रास नाही. दुसऱ्याचं काय करायचं, हीच कॉलेज फुटबॉलमधली खरी डोकेदुखी.

पळणारा क्वार्टरबॅक या दुसऱ्याला हात न लावता बाद करतो. झोन रीड नावाच्या प्लेमध्ये, म्हणजे चालीत, लाइन (पुढे उभे राहून ब्लॉक करणारे) एका डिफेन्सिव्ह एंडला (डिफेन्सच्या पुढच्या फळीतल्या कडेच्या खेळाडूला) मुद्दाम मोकळं सोडते. क्वार्टरबॅक बॉल बॅकच्या पोटाशी धरतो, नजर मात्र त्या एंडवर. एंड बॅकवर झेपावला की बॉल काढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः सुटायचं; एंड जागेवर थांबला की बॉल बॅकचा. कोच रिच रॉड्रिगेझने नव्वदच्या दशकात ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात हे बसवलं. पुढे वेस्ट व्हर्जिनियात क्वार्टरबॅक पॅट व्हाइट आणि बॅक स्टीव्ह स्लेटन या जोडीने त्यावर भल्याभल्यांना पळवलं. एंड अर्धा सेकंद जरी घुटमळला तरी बॅकचं काम होतं, क्वार्टरबॅकने प्रत्येक वेळी पळायलाच पाहिजे असं नाही. फक्त तो पळेल ही भीती खरी हवी.

ती भीती गेली की काय होतं, ते ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीममध्ये अगदी उघड दिसलं. २०१७ मध्ये क्वार्टरबॅक जे.टी. बॅरेट होता, स्वतः भरपूर पळणारा. त्याच्याबरोबर बॅक जे.के. डॉबिन्सने पहिल्याच वर्षी १,४०३ यार्ड काढले, सरासरी ७.२. २०१८ मध्ये ड्वेन हॅस्किन्स आला. त्याचा हात असा की सीझनमध्ये ४,८३१ पासिंग यार्ड आणि ५० टचडाऊन पास! आणि डॉबिन्स? १,०५३ यार्ड, सरासरी ४.६. रनचे प्ले बऱ्याच प्रमाणात बॅरेटच्या काळातलेच होते, पण हॅस्किन्स बॉल ठेवून पळणार नाही हे एंडला ठाऊक होतं. तो बेधडक आत घुसायचा.

२०१८च्याच नोव्हेंबरमधली मेरीलँडविरुद्धची मॅच मिळाली तर जरूर बघा, ओहायो स्टेटने ओव्हरटाइममध्ये ५२-५१ अशी जिंकलेली. त्या दिवशी हॅस्किन्सने स्वतः पळून तीन टचडाऊन केले, आणि डॉबिन्सने २०३ यार्ड काढले. एका मॅचवरून सिद्धांत मांडू नये हे मान्य, पण मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पुढच्या वर्षी पळू शकणारा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स आला आणि डॉबिन्स २,००३ यार्डांवर पोचला. तेव्हा लाइनही बरीचशी नवी होती, त्यामुळे सगळं श्रेय फील्ड्सच्या पायांना देऊ नका.

यावर कुणी म्हणेल, मग पळता न येणारा क्वार्टरबॅक रनिंग गेम मारतोच का? मुळीच नाही. त्याच २०१८ मध्ये, ओहायो स्टेटच्याच बिग टेन या लीगमध्ये, विस्कॉन्सिनचा बॅक जोनाथन टेलरने २,१९४ यार्ड काढले, आणि त्याचा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स हॉर्निब्रुक पळण्यासाठी अजिबात प्रसिद्ध नव्हता. पण विस्कॉन्सिनने त्याच्या पायांवर काही अवलंबूनच ठेवलं नव्हतं. क्वार्टरबॅक सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्या लाइनमनच्या) लगेच मागे, बॅकच्या पुढे ब्लॉक करणारा फुलबॅक, आणि गार्ड (सेंटरच्या बाजूचे लाइनमन) जागा सोडून पळत येऊन ब्लॉक करणार. एंडला मोकळं सोडायचंच नाही, त्याच्यासाठी माणूस ठेवायचा. माझं मत असं की बिघडतं ते क्वार्टरबॅक बदलूनही प्ले जुनेच ठेवल्यावर.

थ्रो करणाऱ्याचा फायदाही असतो, आपल्या क्रिकेटसारखाच: उंच फटके मारणारा आला की फिल्डर सीमारेषेवर जातात आणि एकेरी धावा फुकट मिळतात. इथे सेफ्टी मागे सरकतात आणि बॉक्समध्ये (लाइनजवळच्या जागेत) सहाच जण उरतात. आरपीओ (रन-पास ऑप्शन) प्लेमध्ये तर क्वार्टरबॅक लाइनबॅकरकडे (डिफेन्सच्या पुढच्या फळीमागच्या खेळाडूकडे) बघून हँडऑफ, म्हणजे बॅकच्या हाती बॉल, की छोटा पास हे ठरवतो. कॉलेजमध्ये हे जास्त चालतं, कारण लाइनमनना पासआधी तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकच. मात्र गोललाइनजवळ ही मजा संपते. मागे जायला सेफ्टीला जागाच नसते, सगळे पुढे येऊन उभे राहतात. तिथे पळणाऱ्या क्वार्टरबॅकला तोड नाही.

पुढच्या मॅचला बॉलकडे बघू नका. ज्याला कुणी ब्लॉक करत नाही त्या एंडकडे बघा. तो न घाबरता बॅकवर तुटून पडत असेल, तर दोष बॅकचा नाही. आणि टीमचे एकूण रशिंग (पळून काढलेले) यार्ड बघून तर बोलूच नका: कॉलेजच्या नोंदीत सॅकचे (थ्रोआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याने) गेलेले यार्ड रशिंगमधून वजा होतात, एनएफएलमध्ये पासिंगमधून. पॉकेटमध्ये (ब्लॉकर्सच्या आडोशाला) उभा राहणारा क्वार्टरबॅक चार वेळा सॅक झाला की बॅक चांगला पळूनही टीमचा आकडा केविलवाणा दिसतो. बॅकची स्वतःची सरासरी वेगळी काढा, मग बोलू.