ॲप काढून ब्राउझरचे शॉर्टकट ठेवले तर जाहिराती थांबतात का?

बऱ्याचशा थांबतात, पण शॉर्टकटमुळे नव्हे, ब्राउझरमुळे. लोक क्रोममधून शॉर्टकट टाकतात आणि म्हणतात, 'जाहिराती आहेत तशाच आहेत.' असणारच! अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी सोय), बसवता येत नाही. फायरफॉक्स घ्या आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन टाका. एवढा खटाटोप नको असेल तर ब्रेव्ह घ्या, त्यात जाहिराती अडवायची सोय मुळातच आहे.

मी सांगलीचा. पावसाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडलं की घरोघरी एकच प्रश्न, 'आयर्विनला किती फूट?', म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. हवा असतो एवढा एक आकडा, आणि बातम्यांचं ॲप आधी रमीची जाहिरात दाखवायचं, मग झटपट कर्जाची. बंद करायची फुली इतकी बारीक की वडिलांचं बोट हमखास जाहिरातीवरच पडायचं. शेवटी ते ॲप उडवलं, तीच साइट फायरफॉक्समध्ये उघडून मेनूतून होम स्क्रीनवर जोडली आणि चिन्ह जुन्याच जागी ठेवलं. वडिलांना काही नवीन शिकवावं लागलं नाही. हळदीच्या दरासाठी कृषी पणन मंडळाची साइट आणि पावसासाठी हवामान खात्याची, हेही तसंच केलंय. सरकारी आकडेच जाहिराती लावून दाखवणारी ॲप कशाला पोसायची?

जुनं ॲप मात्र आधी काढा, नाहीतर लिंक कधीकधी त्यातच उघडते. आणि साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का?' विचारलं की नाहीच म्हणायचं. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असले मेसेज बहुतेकदा अशी परवानगी दिल्यानेच येत राहतात. आधीच दिली असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका.

यूपीआयला हा उपाय नाही. ते सिम आणि फोनशी बांधलेलं असतं, त्यामुळे ॲप ठेवावंच लागतं. जी ॲप ठेवणं भाग आहे त्यांच्यासाठी अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी सेवा आपल्याला निवडता येते. तिथे ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेच्या डीएनएसचा पत्ता टाकला की ॲपमधल्याही पुष्कळ जाहिराती गळतात. यूट्यूबच्या ॲपमधल्या गळत नाहीत. त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात, म्हणून यूट्यूबही मी फायरफॉक्समध्येच बघतो.