गाडीला पहिलं वॅक्स: थर कमी, हात हलका

भावा, सुरुवातीला साधं कार्नौबाचं (ताडासारख्या झाडाच्या पानांवरच्या मेणाचं) पेस्ट वॅक्स घे. 'क्लीनर वॅक्स' नको, त्यात बहुतेकदा रंग घासणारा माल असतो.

सगळे एकच चूक करतात: लोणी थापल्यागत वॅक्स थापतात. मीही रंकाळ्याजवळ भर उन्हात बॉनेटवर थापलं होतं. वाळून असं चिकटलं की पुसता पुसता खांदे भरून आले! सावलीत, गार पत्र्यावर, जेमतेम दिसेल एवढाच थर दे. धुरकट झालं की बोट ओढून बघ. खालचा रंग लख्ख दिसला तर मायक्रोफायबरनं पूस, फासटलं तर थांब.

- आधी गाडी धुऊन कोरडी कर.
- काळ्या प्लास्टिकला लावू नको, पांढरे डाग लई चिवट.
- फडकं खाली पडलं? दुसरं घे.

पॉलिशिंग मशीनचा नाद आत्ताच नको.